राक्षस मेला की निजला

पिक्चर वाईट नाही, पण त्यात चंद्रभान नाही, असं बोईसरच्या तंबूतल्या प्रेक्षकांचं मत पहिल्या रिळातच पडलं. दुसऱ्या रिळाला शिट्ट्या सुरू झाल्या. तिसऱ्याला पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "अरे, बोला की कुनीतरी!" आणि मधल्या कनातीपलीकडून बायकांनीही त्याला साथ दिली.

शनिवारी सकाळी तंबूचे मालक पुंजाराम ही हकीगत सांगायला पालघरला नर्मदेच्या घरी आले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"खुर्च्या मोडल्या असत्या गं पोरी लोकांनी. बरं, आपल्याकडं खुर्च्याच न्हाईत."

नर्मदा हसली नाही, पण चहा कपभर जास्तच टाकला.

चंद्रभान म्हणजे तिचे तात्या. पुंजाराम आणि तात्या दोघंही नगरकडचे. तंबू, पडदा आणि एक मशीन बैलगाडीवर लादून दोघं मुलूख फिरत फिरत इकडे आले आणि समुद्र लागल्यावर थांबले. मशीन पुंजारामनं चालवायचं आणि विलायती पिक्चर असलं की तात्यांनी पडद्याजवळ बसून भोंग्यावरून लोकांना ते मराठीत समजावायचं, अशी वाटणी होती. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं, मुलुखामुलुखाचे मजूर बोईसरला उतरले, आणि तात्यांच्या आवाजाला एकदम गिऱ्हाईक वाढलं.

गंमत अशी, की तात्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. नर्मदा शाळेत इंग्रजीच शिकवायची. मराठी-इंग्रजी पुस्तकांनी तिची खोली भरलेली. "तात्या, मी एकदा ऐकून सांगते ना, ते काय बोलतात ते," असं ती म्हणाली, की तात्या हात जोडायचे. "नको गं माय. मला कळलं, तर मग मी सांगू काय?"

फाल्गुनात छातीच्या दुखण्यानं ते गेले. शेजारपाजारच्या बायका आल्या, तात्यांकडे बघून एकेकजण म्हणाली, "निजल्यासारखे दिसतात हो." चांगल्या मनानंच म्हणाल्या. पण नर्मदा पहाटेपर्यंत त्यांच्या उशाशी बसून होती. ते निजणं नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या एका शब्दाचा तिला इतका राग आला, की ती उठून मोरीत जाऊन उभी राहिली. पुढे दिवसकार्य झालं, शाळा सुरू झाली. तो शब्द तेवढा राहिला.

"उद्या रविवारचा शेवटचा खेळ," पुंजाराम म्हणाले. "तुझ्या बानं सांगितलेलं हे शेवटचं पिक्चर. लोकांनी मागून मागून परत आणवलं. तू बोलशील का? तुला तर इंग्रजी येतं."

"आधी बघते," नर्मदा म्हणाली. "मग सांगते."

संध्याकाळच्या गाडीनं ती बोईसरला गेली आणि बायकांच्या बाजूला, सगळ्यांत मागे, पोत्यावर बसली. एका हाताला शिरगावची साखरबाई होती. मासळीची पाटी रिकामी करून आलेली, पाटी उपडी घालून तिच्यावरच टेकलेली. दुसऱ्या हाताला नवसी. डोंगराकडची, दिवसा नवऱ्याबरोबर बांधकामावर घमेली वाहणारी. दोघींनी हे पिक्चर तात्यांच्या तोंडून कितीकदा पाहिलेलं होतं, आणि दोघींची मतं तयार होती.

गोष्ट साधी होती. खोल समुद्रात कसलासा स्फोट होतो, त्यानं एक राक्षस जागा होतो. मगरीचं तोंड, पाठीवर काटे, उंची ताडाच्या झाडाएवढी. तो एक जहाज फोडतो. वाचलेली सात माणसं ओसाड बेटावर लागतात, आणि राक्षस त्यांच्या मागोमाग बेटावर येतो. बेटावर एक बंद पडलेलं वीजघर असतं. आता जगायचं कसं, एवढाच प्रश्न.

"ही बोट बघ," साखरबाई म्हणाली. "सरळ हुबी राहून बुडते. माझ्या सासऱ्याची बुडाली ती कुशीवर. बोट काय कंबरेतून मोडायला पापड हाय?"

"नि ही मानसां," नवसी म्हणाली, "रानात बसून उपाशी रडतात. रानचं कांद खना की! एवढी झाडां हायत."

"सायबलोकांना कांद काय म्हायती?"

"मग मरूं दे."

पडद्यावर एक पिवळ्या केसांची बाई किंचाळत पळाली.

"ही सोमी," साखरबाईनं नर्मदेला सांगितलं. "पळताना वरडते, म्हनून सापडते. तो टोपीवाला एकनाथ. तिच्यावर जीव हाय त्याचा, पन बोलत नाय मेला."

नर्मदेला त्यांची खरी नावं ऐकू येत होती. ही नावं तात्यांची होती.

"आनी मला सांग," साखरबाई पुढे म्हणाली, "यानं आतापतुर एका तरी मानसाला खाल्लंय? नाय. नुस्तं तुडवलंय. भूक नाय तर हा किनाऱ्याला येतो कशाला?"

"चंद्रभानमामानं सांगलेलं ना," नवसी म्हणाली. "त्याची झोप मोडली. खाली पान्यात निजलेला, वरून कुनीतरी बार काढला. आता त्याला निजच येत नाय. डोळं चुरचुरतात त्याचं. म्हनून हिंडतो."

नर्मदेनं पडद्याकडे नीट पाहिलं. राक्षसाचे डोळे खरंच तांबारलेले असावेत असे दिसत होते. पण पिक्चर काळं-पांढरं होतं.

शेवटी ती माणसं वीजघर सुरू करतात, तारा राक्षसाच्या अंगावर टाकतात. राक्षस थरथरतो, फिरतो आणि किनाऱ्यावर पडतो. गळ्यात दुर्बीण अडकवलेला म्हातारा डॉक्टर पुढे येतो, त्याच्याकडे बघतो आणि चार शब्द बोलतो.

"काय म्हनला?" साखरबाईनं विचारलं.

"मेला, म्हणाला. देवाची कृपा, म्हणाला."

"त्याला काय म्हायती?"

"डॉक्टर आहे तो."

"डाक्टर लांब हुबा हाय. हात लावून बघितलान काय?"

नर्मदेनं विचारलं, "ते काय सांगायचे? इथे बोलायचे ते?"

साखरबाईनं मान वळवून तिच्या कपाळाकडे, मग हनुवटीकडे पाहिलं. तिचा आवाज उतरला. "तू त्यांचीच ना गं? ते म्हनायचे, निजला. 'निजला गं बायांनो, आता बोलू नका.' मग सगळा तंबू गप. गडीमानसंसुद्धा चपला हातात घेऊन बाहेर पडायची."

"रोज?"

"पयल्या दिवसापासनं."

खेळ सुटल्यावर नर्मदा मशीनपाशी गेली. पुंजाराम रीळ गुंडाळत होते.

"काका, मी बोलेन. पण तो मेलाय. पिक्चरमध्येच तसं सांगितलंय. मी मेला असंच सांगणार."

पुंजारामनं रीळ थांबवलं. "लोकं तंबू फाडत्याल."

"फाडू द्या. निजला म्हणणं मला जमायचं नाही."

पुंजारामनं रीळ डब्यात ठेवलं. तिच्या दारात बायका काय बोलत होत्या ते त्यांनी तात्या गेले त्या दिवशी ऐकलं होतं. "तुला पटंल तसं," ते एवढंच म्हणाले.

घरी जाताना गाडीत तिला एकच गोष्ट डाचत होती. तात्यांना शब्द कळत नव्हते, म्हणून ते चुकले असतील, तर ते एक वेळ चाललं असतं. पण साखरबाईसारखंच कुणीतरी समोर बसलेलं बघून, लोकांना बरं वाटावं म्हणून, त्यांनी ते रचलं असलं तर? शेजारणींनी तिच्यापुढे जे केलं, तेच तात्या रोज तंबूभर माणसांपुढे करत होते की काय?

रविवारी तंबू भरला. कनात दोन्ही बाजूंनी फुगली. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी पोराला दटावत होती, "रड आता, मंग बघ तारापूरच्या मोठ्या घरातनं सोडतील तुझ्यावर असलाच एक!" तात्यांचं स्टूल पडद्याच्या इतकं जवळ होतं, की हात लांबवला तर कापडाला लागावा. माइकला त्यांनी गुंडाळलेला रुमाल तसाच होता. तोंड जवळ नेल्यावर लवंगेचा वास आला. नर्मदेनं घसा खाकरला, आणि ते खाकरणं भोंग्यातून बाहेर जाऊन लांब बाजारापर्यंत पोचलं.

"कॅप्टन म्हणतो की जहाजाचं यंत्र बिघडलं आहे," तिनं सुरुवात केली.

"कंचा कॅप्टन?"

"तो... टोपीवाला."

"एकनाथ म्हना की, मास्तरीनबाई!"

हशा झाला. नर्मदेचे कान तापले. दोन वाक्यं तिनं तशीच रेटली, पण लोकांना पत्ता लागेना, कोण कुणाला काय म्हणतोय. मग पिवळ्या केसांची बाई धावत आली आणि नर्मदेच्या तोंडून निघून गेलं, "आली सोमी ओरडत!"

तंबूनं टाळ्या दिल्या. तिथून तिला वाट सापडली. तात्यांचा आवाज तिच्याकडे नव्हता, तिचा आवाज बारीक, शाळेतला. पण एकनाथ सोमीला पाणी देतो तेव्हा तो खरंच जे बोलतो ते तिनं सांगितलं, आणि ते इतकं साधं होतं, की बायकांच्या बाजूनं कुणीतरी "अगो बाय" म्हणालं. उपाशी माणसांवर ती आपणहून म्हणाली, "यांना कांद खणता येत नाही," तेव्हा मागून नवसीचा आवाज आला, "मी कवाची सांगतंय!"

शेवटचं रीळ लागलं. वीजघर घरघरलं. तारा पडल्या. राक्षस थरथरला, फिरला, आणि पडला. पडला तो असा, की नर्मदेच्या समोर सगळा पडदा त्याच्या अंगानंच भरला. एवढ्या जवळून त्याचं तोंड दिसत नव्हतं, काटे दिसत नव्हते. दिसत होतं ते पोट, करड्या घड्यांचं, भिंतीएवढं.

डॉक्टर पुढे आला, त्याचे चार शब्द बोलला. तंबू थांबला होता. नर्मदेनं माइक तोंडाशी नेला. शब्द तयार होता.

तेवढ्यात ते पोट वर आलं.

वाऱ्यानं पडदा हलला असेल, म्हणून तिनं शेजारच्या खडकाकडे पाहिलं. खडक स्थिर होता. पोट खाली गेलं. थांबलं. पुन्हा वर आलं, हळू, लपवत लपवत. त्या जाड कातड्याच्या आत कुणीतरी माणूस होता. दिवसभर ते ओझं अंगावर घेऊन नाचलेला, दिव्यांच्या उकाड्यात दमलेला, मेल्यासारखा पडून राहा म्हणून सांगितलेला. तो पडून राहिला होता. पण श्वास कुठं नेणार?

नर्मदा बघत राहिली. त्या पहाटे तात्यांच्या अंगावरची गोधडी खाली गेली होती आणि ती पुन्हा वर येईल म्हणून ती अशीच बघत बसली होती. खूप वेळ बसली होती. उजाडलं तरी.

मागच्या पोत्यावरून हे दिसत नव्हतं. मशीनपाशी उभ्या असलेल्या पुंजारामकाकांना दिसत नव्हतं. ते फक्त या स्टुलावरून दिसत होतं, आणि पहिल्या दिवसापासून या स्टुलावर तात्या होते. त्यांनी काही रचलं नव्हतं. दिसलं ते सांगितलं होतं.

"काय झालं, बाय?" साखरबाईनं ओरडून विचारलं. "काय म्हनतो डाक्टर?"

"डॉक्टर म्हणतो, मेला," नर्मदा माइकवर म्हणाली. पुरुषांच्या बाजूला गलका सुरू झाला. तिनं हात वर केला, वर्गात करायची तसा. "पण त्याचं पोट हलतंय. मला इथून दिसतंय. श्वास चालू आहे."

"मग गप बसा की सगळे!" साखरबाई कडाडली.

सगळे गप बसले. पडद्यावर उरलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, काहीबाही बोलत होती. नर्मदेनं त्यातलं काही सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मग दिवे लागले आणि मतं सुरू झाली. बाप खड्या आवाजात सांगायचा, ही हळू सांगते, पण डोळे उघडे ठेवून सांगते. एकनाथनं शेवटी तरी सोमीला विचारायला हवं होतं. बोट अजूनही चुकीचीच बुडते. एक फिटर जाता जाता म्हणाला, "बहनजी, पिक्चर बकवास है, लेकिन मज़ा आया." लोक अंगावरची वाळू झटकत बाहेर पडले.

नर्मदा स्टुलावरून उठली नव्हती. पुंजाराम जवळ आले.

"काका, शेवटचं रीळ परत लावाल का? मी बोलणार नाही. नुसतं बघायचंय."

विजेचं इंजिन बंद करायला निघालेले ते तिथंच थांबले. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, रित्या पडद्याकडे पाहिलं, आणि मशीनकडे वळले.

पडद्यावर उजेड पडला तशी तंबूच्या दारातून नवसीनं मान आत घातली. तिच्या मागे पाटी डोक्यावर घेतलेली साखरबाई होती, आणि साखरबाईच्या मागे आणखी माणसं.

"बाय, फुकट हाय काय?"

"फुकट आहे," नर्मदा म्हणाली. "पुढे येऊन बसा. इथून दिसतं."