आठ हजार मैलांच्या आत

ब्राह्मी गेल्याचा फोन सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला. सव्वासातला आण्णाप्पांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, कागदावर नवी रेघ ओढली आणि पुतणीला विचारलं,

"हं अनु, बेळगाव ते दिल्ली किती म्हणालीस?"

अनुराधाच्या हातातला फोन अजून गरम होता. टोरांटोहून आण्णाप्पांचा जावई, ब्राह्मीचा नवरा बोलला होता. फोन स्पीकरवर होता, म्हणजे आण्णाप्पांनीही ऐकलं होतं. दोनदा ऐकलं होतं, कारण पहिल्यांदा त्यांनी "आवाज तुटतोय, परत सांगा" म्हटलं होतं आणि त्या बिचाऱ्यानं परत सांगितलं होतं.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. पेन्सिल कागदावर टेकून थांबली होती.

"आठशे ब्याण्णव," ती म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं.

ब्राह्मी हॉस्पिटलात पडल्यापासून तीन आठवडे हेच चाललं होतं. अनुराधा बेळगावात टिळकवाडीतल्या एका तिकीट एजन्सीत कामाला. दर रविवारी पहाटेची बस धरून ती निपाणीला यायची आणि काकांसमोर लॅपटॉप उघडायची. ब्राह्मीनं आठ वर्षं विमानप्रवास करकरून साठवलेले माइल्स, म्हणजे फुकट तिकिटासाठी कंपनी देते ते गुण, बापाच्या तिकिटासाठी मोकळे केले होते. निरोप एकच होता, बाबांना पाठव. माइल्स भरपूर होते. अडचण मैलांची होती.

अकरा वर्षांपूर्वी ब्राह्मीनं जातीबाहेर लग्न केलं, ती टोरांटोला गेली आणि आण्णाप्पांनी तिच्याशी बोलणं सोडलं. त्याच चातुर्मासात बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराजांसमोर लोकांनी दिग्व्रत घेतलं, म्हणजे अमुक अंतरापलीकडं जन्मात पाऊल टाकायचं नाही. शेजारच्या जयाबाईंनी श्रवणबेळगोळापर्यंतची मर्यादा घेतली. तंबाखूवाल्या जिनेंद्रनं धंद्यापुरतं गुंटूर ठेवलं. मग सर्व्हे खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले आण्णाप्पा उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, चारी दिशांना आठ हजार मैल. आणि वर दहा.

सगळी बस्ती हसली होती.

"वर दहा मैल कशाला, आप्पा? नारळावर चढणार काय?" जिनेंद्रनं विचारलं होतं.

निपाणीत तो विनोद अजून चालतो. अनुराधा शाळेत असल्यापासून त्यावर हसत आली होती.

"दिल्ली ते टोरांटो?"

"सात हजार दोनशे पंचेचाळीस. बेरीज आठ हजार एकशे सदतीस."

"फ्रँकफर्टवरनं?"

"आठ हजार दोनशे अठ्ठ्याहत्तर. मागच्या रविवारी सांगितलंय की, आप्पा."

"मग सरळ धर की गं. मी काय मधी उतरून जिलेबी खाणार हाय?"

"माइल्सच्या तिकिटाला विमान कंपन्यांची ही युती सरळ अंतर धरत न्हाई. दुसऱ्या काही धरतात. हिच्यात जेवढी विमानं बदलाल तेवढे टप्पे वेगळे मोजायचे आणि बेरीज मारायची."

"युती म्हंजे निवडणुकीतल्यागत?"

"तशीच. पण ही टिकती."

ते हसले नाहीत. "बेळगावला जायचं म्हंजे आधी उलटं जायचं. मग विमान आमच्याच कौलांवरनं वर जाणार. ते पण माझ्याच नावावर?"

"व्हय."

"बरोबर हाय त्यांचं," आण्णाप्पा सावकाश म्हणाले. "वाट जेवढी, तेवढं अंतर. मी पण जन्मभर लोकांना हेच सांगत आलोय."

मागच्या रविवारी ती चिडून म्हणाली होती, आठ हजार म्हणालासा हेच विसरा की. त्यावर त्यांनी ग्रंथ उघडून ओळीवर बोट ठेवलं होतं. घेतलेली मर्यादा वाढवणं हा दोष, आणि विसरणं हाही दोषच. ती पाय आपटत बसस्टँडवर गेली होती. मागच्या रविवारी ब्राह्मी बोलत होती. थोडं थोडं, पण बोलत होती.

"आप्पा," अनुराधा म्हणाली, "दाजी आत्ता काय म्हणाले..."

"बस जरा."

ते उठले. कपाटावरचा शाळकरी पृथ्वीगोल उतरवून त्यांनी टेबलावर ठेवला. ग्रंथात खुणेला घातलेला पांढरा धागा काढला. त्याला दोन गाठी होत्या. एक गाठ त्यांनी निपाणी असावी तिथं अंगठ्यानं दाबली, धागा वर बर्फावरून पलीकडं नेला आणि ताणला. दुसरी गाठ टोरांटोच्या ठिपक्यावर येऊन बसली. हाताळून हाताळून ती काळी पडली होती.

"सात हजार नऊशे सत्तर," ते म्हणाले. "आठ हजार पुरे करायला वरचे तीस घेतले. विमानतळापासनं तिचं घर किती लांब, ते ठावं न्हवतं."

अनुराधाला नारळाचं झाड आठवलं. विमान सात मैल उंचीवरून उडतं, हे तिला एजन्सीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

अंगठा निपाणीवरून हलत नव्हता.

"अर्ज लिव कंपनीला," ते म्हणाले. "मराठीतच लिव. कानडी, इंग्रजी मागनं बघू."

तिनं लॅपटॉप पुढं ओढला. पडदा नीट दिसत नव्हता. तिनं तो बाहीनं पुसला, तरी दिसेना. आण्णाप्पा उभ्यानंच, तालुक्याच्या कचेरीत बोलायचे त्या आवाजात सांगू लागले.

"प्रति, माननीय व्यवस्थापक, माइल्स विभाग, यांस. विषय, टोरांटो हे शहर एकशे सदतीस मैल अलीकडे घेण्याबाबत. महोदय, अर्जदार हा सेवानिवृत्त मोजणीदार असून, अंतर मोजताना त्याने मधले टप्पे धरले नाहीत, ही चूक सर्वस्वी त्याची आहे. अर्जदाराची मुलगी सदर शहरी वाट पाहत आहे. शहर सरकवणे नियमात बसत नसल्यास केवळ मुलगी तेवढी अलीकडे आणून बसवावी. अर्जदार तिथपर्यंत येण्यास तयार आहे. जागेची मोजणी तो स्वतः करून देईल. तरी योग्य तो हुकूम व्हावा, ही विनंती."