पटावरचं नाव

कॅनडात, व्हिटबीतल्या घराच्या बेसमेंटमध्ये उन्मेष दुपारपासून रोमन शहर वसवत बसला होता. गेम बनवणं हेच त्याचं काम. त्याचा बाप चंद्रकांत बाहेरचा बर्फ फावड्याने बाजूला करून खाली आला, चहाचा कप लेकाजवळ ठेवला आणि मागच्या स्टुलावर टेकला. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. कुठंही बांधकाम दिसलं की त्याचे पाय थांबायचे.

उन्मेषने पडद्यावरच्या चौकात कापडी छप्पर ताणलं आणि त्याखाली एक मास्तर बसवला. तशी आजूबाजूची घरं भराभर निळी झाली.

"निळी काहून झाली?"

"शिकली ती, बाबा. शाळा बांधली की जवळची सगळी घरं शिकतात. तिथंच तर अडलंय." उन्मेषने डोळे चोळले. "त्या काळी शंभरात जेमतेम दहा जणांना वाचता यायचं म्हणतात. माझ्या शहरात नव्वदांना येतं. दाराशी शाळा असून पोरं का जात नव्हती, याचं खरं वाटेल असं कारण मला शुक्रवारपर्यंत द्यायचंय."

"आपल्या गावची शाळा मी बांधली. चार खोल्या."

"दहादा सांगून झालंय."

"मग मी झालो का निळा?"

उन्मेष हसला. बापाने अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात बसून अक्षरं गिरवली होती. "तुमचं सोडा. ताईचं घ्या. चांगली चौथी पास. मी हॉस्टेलवरून पानंच्या पानं लिहायचो, तिची उलट एक ओळ नाही. फोनवर विचारलं तर 'मिळालं रे', बस."

ताई म्हणजे शुभदा, उन्मेषहून सहा वर्षांनी मोठी. मागच्या श्रावणात ती गेली. उन्मेष गावी गेला नाही. तिकीट मिळालं नाही असं त्याने सांगितलं, आणि चंद्रकांतने पुढे काही विचारलं नाही. वीस वर्षांपूर्वी कॅनडाला निघताना उन्मेषने तिला पत्र लिहून नागपूर स्टेशनवर बोलावलं होतं. ती आली नव्हती. गाडी हलेपर्यंत तो दारात उभा होता. त्यानंतर त्याने तिला पत्र लिहिलं नाही.

चंद्रकांतने कप उगाच थोडा सरकवला. जे सांगायला तो इतक्या लांब आला होता, ते तीन महिन्यांत त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"ती पटावर होती," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"हजेरीच्या पटावर. पट भरला नसता तर गुरुजींच्या हाताखालचा मास्तर जाणार होता. म्हणाले, पोरीचं नाव तरी लावू दे. तुझी माय माझ्यासंगं विटा उचलायला यायची. घरात तू तान्हा. तुला कोण घेणार? तपासणीला साहेब आले की शुभदा तुला कडेवर घेऊन शेवटच्या ओळीत बसायची. बाकीचे दिवस घरी. गुरुजींनी दरसाल पास केली."

उन्मेषचा हात माउसवरून खाली आला. "तिला वाचता येत नव्हतं?"

"एक अक्षर नाही."

"मग कुणाकडून वाचून घ्यायचं ना."

"चौथी पास सांगून दिली होती मी तिला. सासऱ्याला दाखला दाखवला होता. मग पत्र दुसऱ्याच्या हातात कशी देईल? दारात बसून उघडायची, डोळे फिरवायची, घडी घालायची. घरात सांगायची, बरा आहे आमचा उन्मेष."

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि मी इथं वीस वर्षं..." उन्मेषने वाक्य सोडून दिलं.

चंद्रकांत वर गेला आणि स्वेटरच्या घडीत ठेवलेलं एक पत्र घेऊन आला. घड्यांवर कागद विरून चार तुकडे व्हायला आला होता.

"तिच्या पेटीत होतं. तू स्टेशनवर बोलावलंस, हे मला ती गेल्यावर कळलं. मीच वाचलं तेव्हा."

"वाचा. माझ्याच्याने नाही वाचवणार."

चंद्रकांतने कागद गुडघ्यावर पसरला आणि बोट ठेवलं. "ता-ई. मंग-ळ-वारी... संध्या-काळची गाडी आहे." 'प्लॅटफॉर्म'पाशी तो अडला. मागं गेला, पुन्हा अडला. उन्मेषने शब्द सांगितला नाही. "...तू आ-लीस तर आधी तुझ्या पाया पडेन, मग चढेन."

वर कुठंतरी हीटिंग सुरू झाल्याचा घरघराट झाला आणि थांबला.

उन्मेषने खुर्ची वळवली आणि गेममध्ये एक नियम घातला. आई कामावर आणि घरात तान्हं मूल असलं, तर मोठी बहीण शाळेत जाणार नाही. मग त्याने शहर सुरू केलं. निळी घरं एकेक करून मातीच्या रंगावर आली. शाळेला लागून होतं तेही. कडेवर मूल घेतलेल्या मुली छपरासमोरून पाण्याला जाऊ लागल्या. नव्वदचा आकडा उतरायला लागला.

"बरोबर येतोय का रे आता?" चंद्रकांतने विचारलं.

"येतोय, बाबा."

चंद्रकांत पडद्याकडे बघत नव्हता. तिने घातल्या होत्या तशाच पत्राच्या घड्या घालत होता.