एका बटणावर संशय

ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवशी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर, एका उघड्या पाकिटात निवांत पडलो होतो. मालकीणबाईंनी चहाचा कप माझ्या शेजारी ठेवला, चष्मा पुसला, लॅपटॉप उघडला आणि आलेलं पत्र वाचलं. मग चष्मा पुन्हा पुसला आणि पत्र पुन्हा वाचलं. तोवर चहावर साय धरली.

ऑनलाइन दुकानाचे पैसे ज्या कंपनीमार्फत येतात, तिचं ते पत्र होतं. तुमच्या सुरक्षिततेसाठी आम्ही तुमचं खातं थांबवलं आहे, असं त्यात लिहिलं होतं.

"माझ्या सुरक्षिततेसाठी," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "मला काय धाड भरली होती?"

हे सगळं सांगणारा मी एक बटण आहे. कोटाचं बटण. तपकिरी, चार भोकांचं, कडेला जरा उंच काठ असलेलं. दिसायला शिंगाचं, घडणीनं प्लास्टिकचं. ही शेवटची गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही, पण त्या पत्रानंतर माझी इतकी चौकशी झाली की आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. साचा एकदा दाबला की आम्ही शेकड्यांनी बाहेर पडायचो, त्यामुळे वाढदिवस वगैरे लाड नव्हते. बाराजणांना एका पुठ्ठ्यावर टाचलं, वर सोनेरी अक्षरांत 'उत्तम दर्जा' छापलं आणि आमची रवानगी एका शिवणसामानाच्या दुकानात झाली. दोऱ्याची रिळं, सुया, अस्तर, चेन असल्या सगळ्या मंडळींत आम्ही बारा भावंडं ऐटीत बसलो. एका शिंप्यानं सहा नेली. एका बाईनं पाच नेली. मी राहिलो.

एकटं बटण कोणी विकत घेत नाही. दुकानदारानं मला काचेच्या बरणीत टाकलं. तिथे माझ्यासारखी उरलेली हजारो होती: शर्टांची पांढरी, फ्रॉकची फुलाफुलांची, आणि एक पितळी, जे कुठल्याशा गणवेशाचं होतं आणि आम्हा सगळ्यांना हुकूम सोडायचं. अजून एकदाही मी काजातून गेलेलो नाही. बटणाच्या जातीत हे सांगायला संकोच वाटतो.

दुकानदारानंतर दुकान त्यांच्या मुलाकडे आलं. हेच माझे मालक. त्यांच्या काळात लोक एक बटण तुटलं की नवा शर्ट घ्यायला लागले, आणि दुकान बंद करावं लागलं. रिळं, अस्तर, कपाटं, सगळं विकलं गेलं. बरण्या मात्र मालक घरी घेऊन आले.

"घरात माणसांना हातपाय पसरायला जागा नाही," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही हे काय आणलंत?"

"अगं, लोक बटणं डझनानं घेतात आणि हरवतात एकेक," मालक म्हणाले. "आता सांग, या बरणीइतकी कामाची वस्तू जगात आहे का?"

त्यांनी ऑनलाइन दुकान काढलं. कोटावर शिल्लक राहिलेल्या बटणाचा फोटो लोक पाठवायचे. मालक भिंग घेऊन बरणीत हात घालायचे आणि त्याचा जोडीदार शोधायचे. सापडला की प्रत्येकाला एकच मजकूर लिहायचे: 'आपलं बटण सापडलं. दुहेरी दोऱ्यानं शिवा. शेजारचंही तपासा, तेही सैल झालं असेल.' मग लोक कोट घालून काढलेले फोटो पाठवायचे, आणि मालक ते बाईंना बोलावून बोलावून दाखवायचे. बाई भाजी चिरता चिरता मान हलवायच्या.

मग मालक दवाखान्यात गेले. बरणीला कोणी येऊन काही सांगत नाही. पुढच्या वेळी झाकण उघडलं तेव्हा आत आलेला हात लहान होता. त्यावरून आम्हाला कळलं.

बाईंनी दुकान चालू ठेवलं. मजकूर तोच लिहिला, शब्दही बदलला नाही, आणि खाली नाव मालकांचंच राहिलं. पैशांचं खातंही त्यांच्याच नावावर राहिलं. लोक लिहायचे, 'साहेब, आपण जादूगार आहात.' बाई वाचायच्या आणि उत्तर द्यायच्या, 'आभारी आहे.' यात खोटं काय होतं? त्या आभारी होत्याच.

आता त्या पत्राकडे येतो.

भानगड अशी झाली, की कोणीतरी आमच्या दुकानाबद्दल कुठेतरी चार बरे शब्द लिहिले आणि एका आठवड्यात ऑर्डरींचा पाऊस पडला. मलाही मागणी आली. बाईंनी मला शोधून काढलं, फडक्यानं पुसलं, पाकिटात घातलं. पत्ता लिहायचा तेवढा बाकी होता. आणि कंपनीनं कुलूप लावलं. कुलपाच्या आत पैसे राहिले, आणि माणसांचे पत्तेही राहिले. म्हणजे मी विकला गेलो होतो, पण कोणाला, ते कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी आधी कंपनीच्या मदतनिसाला विचारलं. हा मदतनीस म्हणजे लॅपटॉपच्या कोपऱ्यातली एक चौकट. ती फार गोड बोलते आणि काही करत नाही.

'आपला व्यवसाय थोडक्यात सांगा.'

'हरवलेल्या बटणाला जोड असलेलं बटण विकते.'

'एका व्यवहारात किती नग?'

'एक.'

चौकट म्हणाली, 'कृपया व्यवसाय पुन्हा सांगा.'

तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर चौकटीनं गेल्या तीन महिन्यांतली मालखरेदीची पावती मागितली. बाईंनी लिहिलं, माल सासऱ्यांनी घेतला होता, सासरे आता नाहीत, कारखानाही नाही. चौकट म्हणाली, 'हरकत नाही. कारखान्याच्या वेबसाइटचा पत्ता द्या.'

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. भाऊजी म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ, बाईंचे दीर. जन्मभर विमा कचेरीत काम केलेलं, त्यामुळे कुठलाही कागद त्यांना बघून घाबरतो असा त्यांचा समज.

"वहिनी, हे माझ्यावर सोडा. अर्ज कसा लिहायचा असतो ते या पोरांना माहीत नसतं."

"अर्ज नाही भाऊजी, फोटो मागितलाय. मालाचा."

"मग फोटो काढू. त्यात काय."

त्यांनी मला पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं. फोटो गेला. उत्तर आलं: वस्तूचा आकार कळत नाही, शेजारी ओळखीची वस्तू ठेवा. भाऊजींनी शेजारी चमचा ठेवला. उत्तर आलं: आपण बटणं विकता की चमचे, हे स्पष्ट करा.

"यांना नोकरीवर कोण ठेवतं?" भाऊजींनी विचारलं.

"कोणी ठेवत नसणार. माणूसच नाहीये तिकडे."

"मग माणसाशी बोला ना. फोन लावा."

बाईंनी फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. भाऊजींनी त्यावर बोटांनी ताल धरला, मग कंटाळून सोडला. शेवटी एक तरुण मुलगी बोलली. आवाज चांगला होता.

"मॅडम, चोर लोक चोरलेली कार्डं चालतात का ते बघायला आधी अगदी छोटी खरेदी करतात. तुमच्याकडे सगळ्याच खरेद्या तशा आहेत. म्हणून सिस्टिमला संशय आला."

"अहो, बटण आहे ते. त्याची किंमत मोठी कशी असेल?"

"बरोबर आहे मॅडम. मला पटतंय. पण मला पटून उपयोग नाही. खातेदारांना फोन द्या ना, ओळख पटवून घेते."

"ते नाहीत."

"कधी येतील?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला एका बाजूला वळवलं, मग दुसऱ्या. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मग आल्यावर फोन करायला सांगाल?"

"सांगते."

फोन ठेवल्यावर भाऊजी म्हणाले, "सांगून का नाही टाकलंत?"

"तिनं आल्यावर फोन करायला सांगितलं. मला एकदम सुचलं नाही काही."

भाऊजींनी थोडा वेळ टेबलाची कड घासली. बाईंना काय वाटतंय ते त्यांना कळलं असावं. खातेदार वारल्याचं कळवलं की खातं बंद होणार, हा कंपनीचा नियम. आणि हे दुकान नि त्याचं खातं सोडलं तर मालकांचं नाव आता रोज कुठे येतच नव्हतं. वीजबिलावरचंही बदलून झालं होतं. मग भाऊजींना कल्पना सुचली, आणि मला भीती वाटली.

"वहिनी, तोंड दाखवायचा पर्याय आहे ना त्यात? कॅमेऱ्यासमोर बसायचं, मान हलवायची. दादाचा ओळखपत्रावरचा फोटो किती जुना आहे? त्यात तो अगदी माझ्यासारखा दिसतो."

"काहीतरीच काय भाऊजी."

"काहीतरीच नाही. आई फोनवर आम्हा दोघांत गोंधळायची."

"तो आवाज झाला. आणि तुम्ही दोघंही तिला फसवायचात."

"म्हणजे सवय आहेच. दादाचा चष्मा कुठाय?"

बाई नको नको म्हणत होत्या आणि चष्मा आणत होत्या. माणसांचं असं होतं. मी बरणीतूनही हे पाहिलेलं आहे.

भाऊजींनी केस मालकांसारखे मागे वळवले, चष्मा लावला आणि खुर्चीत बसले. विकायची वस्तू हातात धरायची होती, म्हणून मला चिमटीत धरून गालाशी नेलं. मोठा तीळ असावा तसा मी दिसत होतो.

'चेहरा चौकटीत आणा,' यंत्र म्हणालं. 'डावीकडे वळा. उजवीकडे वळा. सावकाश.'

"लहानपणी शाळेत कवायत होती," भाऊजी ओठ न हलवता पुटपुटले.

'बोलू नका. पापण्या मिटा. हसा.'

"हसा? वहिनी, दादा फोटोत कधी हसलाय का? हसलो तर पकडले जाऊ."

"हसा हो. लवकर. हात दुखेल."

भाऊजी हसले. कोणी पायावर पाय दिल्यावर सभ्य माणूस हसतो तसं. पडद्यावर एक चाक फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग हिरवी खूण आली.

'अभिनंदन. आपण आपणच आहात याची आमची खात्री पटली आहे. खातं सुरू करण्यात येत आहे.'

"घ्या," भाऊजी म्हणाले. "म्हटलं होतं ना. काम फत्ते."

बाई त्यांच्याकडे पाहत उभ्या होत्या. केस मागे, चष्मा नाकावर, हातात बटण. मी तिथेच होतो, चिमटीत, त्यामुळे बाईंचा चेहरा मला समोरून दिसला.

"चष्मा काढा भाऊजी."

त्यांनी काढला. डोळे चोळले. "मला काही दिसतच नव्हतं त्यातून," ते म्हणाले. "वहिनी, मी आपलं..."

"माहीत आहे. मी चहा ठेवते."

मी चार भोकांचा, मला फार अक्कल नाही. पण त्या घरातलं खरं ते सगळं कंपनीनं नाकारलं होतं: सासरे, कारखाना, एकावेळी एक बटण, चमचासुद्धा. आणि एकच गोष्ट चटकन मानली होती, की मालक जिवंत आहेत.

चहा झाल्यावर बाईंनी सगळे पत्ते उतरवून घेतले, माझाही. मग त्या भाऊजींना म्हणाल्या, "दर वर्षी तपासणार आहेत म्हणे. दर वर्षी तुम्ही चष्मा लावून येणार?"

"येईन की. त्यात काय."

"नको."

त्यांनी चौकटीत लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. 'हे खातं माझ्या पतीचं आहे. ते गेल्या वर्षी वारले. आज आपण जो चेहरा पाहिला तो माझ्या दिराचा. हे खातं बंद करावं. मी माझ्या नावानं नवीन उघडते.'

"दिराचा उल्लेख टाळता आला असता," भाऊजी म्हणाले. "माझं पेन्शन चालू आहे."

"मग काय लिहू, शेजाऱ्याचा?"

उत्तर लगेच आलं. 'कळवल्याबद्दल आभार. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आजचा अनुभव कसा वाटला, एक ते पाच तारे द्या.' भाऊजी हसायला लागले आणि बाईही हसल्या. खूप दिवसांनी मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. बाईंनी त्या वाचल्या आणि लॅपटॉप भाऊजींकडे वळवला.

'सुरक्षिततेसाठी, खातं बंद करण्याकरता खातेदाराचा होकार आवश्यक आहे. त्यांच्या फोनवर सूचना पाठवली आहे.'

ओटीपी तिकडेच येतात म्हणून मालकांचा फोन बाई रोज चार्ज करतात. तो शेजारच्या खोलीत वाजला. बाईंनी तो आणून टेबलावर ठेवला. पडद्यावर लिहिलं होतं, आपलं खातं कायमचं बंद करायचं आहे का? खाली दोन चौकोन होते, होय आणि नाही.

"मी दाबू?" भाऊजींनी विचारलं. या वेळी ते मस्करीत बोलत नव्हते.

"नको. मी बघते."

भाऊजी घरी गेले. बाईंनी पाकिटांची चळत करून घेतली. माझं पाकीट त्यांनी जरा दाबून पाहिलं, मी आहे ना याची खात्री केली, आणि चिकटवलं. आता आत अंधार आहे, पण बरणीत इतकी वर्षं काढल्यावर अंधाराचं काही वाटत नाही. उद्या सकाळी मी निघेन.

ज्यांनी मला मागवलंय त्यांना एवढीच विनंती, की शिवताना मला कापडाला अगदी आवळून टाकू नका. थोडी ढील ठेवा, म्हणजे काजात शिरताना धांदल होणार नाही. माझी पहिलीच वेळ आहे. आणि दुकानाला लिहाल तेव्हा साहेब म्हणून लिहू नका. नवीन खातं बाईंच्या नावानं उघडलं आहे, त्यांनी ते आज संध्याकाळीच केलं.

जुनं खातं अजून चालू आहे. फोन टेबलावरच आहे, त्याला चार्जर लावलेला आहे, आणि बाईंनी होय दाबलेलं नाही.