चार बोटं जास्त

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. वर्ध्यात तेव्हा जाहिरातीचं काम म्हणजे दुकानांच्या पाट्या, रंगवलेल्या भिंती आणि टॉकीजमधल्या स्लाइडी. अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याच्या मागे हा धंदा चालू ठेवला होता. मजकूर त्या लिहीत, गिऱ्हाईक त्या सांभाळत. पण ब्रश धरणारा एकटा चिंधू. तो गेला तर दुकानाला कुलूपच. आणि त्या वर्षी पोळ्यानंतर तो जायला निघाला, तो चंद्रभानजींपायी.

चंद्रभानजींना नव्या कापडदुकानाच्या पाटीवर, जन्मभर कापडच विकलेल्या, वारलेल्या वडिलांचं चित्र हवं होतं. फोटो एकच, केळझरच्या देवळापुढे घोळक्यात काढलेला, तोंडावर दुपट्ट्याची सावली. चिंधूने तेवढ्यावरून चेहरा उभा केला. चंद्रभानजी रोज दुपारी येत, खुर्ची ओढून पाटीसमोर बसत आणि मान हलवत.

"हे आमचे बाबूजी नाई वाटत. हे तं तहसीलदार वाटून राह्यले."

मिशी पुसली. धाकट्या भावाचा निरोप आला, मिशी होती. नाक बदललं, तर मावशीला ते मामाचं वाटलं.

ते गेल्यावर चिंधूने ब्रश घासलेटात बुडवला.

"बाई, आता एक बार बदल म्हणलं तं मी चाललो नागपूरले, सिनेमाचे बॅनर रंगवाले. तिथं हिरो सांगाले येत नाई का माहं नाक चुकलं म्हणून."

गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं, ही नवऱ्याची रीत बाईंनी मोडली नव्हती. पण त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की चंद्रभानजी काय नाही तेवढंच सांगतात. काय होतं ते कधीच नाही.

"उद्या आईंना घेऊन या," त्या दुसऱ्या दिवशी चंद्रभानजींना म्हणाल्या.

"मायले काय समजते पाटीतलं?"

"पाटीचं मी पाहते. बाबूजी त्यांना माहीत."

चंद्रभानजींच्या आई जयवंताबाई आल्या. पाटीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"आई, नाक बरोबर आहे?"

म्हातारी पदरात हसली. "नाकाचं मले काय इचारता बाई? घरात सासू-सासरे, माह्या डोक्यावर हातभर पदर. तोंडाकडं पाहाची सोय होती का? ताटात वाढताना हात दिसत, तेवढेच."

"मग हात सांगा."

जयवंताबाईंनी हवेतच कापड ताणलं. डावा आंगठा असा वाकडा. गज संपला की कैची लावायच्या आधी चार बोटं कापड पुढे सरकवायचं. "गिऱ्हाईक म्हणे, भाऊ, जास्त झालं. हे म्हणत, धुतल्यावर आटते बाप्पा."

चिंधूने चेहऱ्यावर पांढरा रंग फिरवला.

पाटी झाली. गजावर ताणलेलं कापड, दोन हात, वाकडा आंगठा. खाली बाईंनी लिहिलं, 'चार बोटं जास्त'. मायलेक पाहायला आले. चंद्रभानजींचे डोळे भरले. मग त्यांनी अक्षरं वाचली.

"हे मिटवा बाई! असं लिहिलं तं सगळ्याइले देणं पडते!"

चिंधूने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि बाईंकडे पाहिलं. आजवर अशा वेळी त्या 'मिटवते' म्हणत आल्या होत्या.

"अक्षरं मिटवली तर हात कशाचे ते कोणाला कळणार? मग हातही मिटवू," त्या म्हणाल्या. "पुन्हा तहसीलदार काढू."

चंद्रभानजींनी आईकडे पाहिलं.

"मंग देजो," जयवंताबाई म्हणाल्या.

चंद्रभानजी कुरकुरत का होईना, गल्ल्यावर होते तोवर चार बोटं देत राहिले. मुलाने रेडीमेड कपडे आणले तेव्हा पाटी उतरली. चिंधू नागपूरला गेला नाही. हात थरथरू लागल्यावर पुलगावला मुलीकडे राहिला. अन्नपूर्णाबाईंनी एकोणनव्वदमध्ये दुकान बंद केलं, तोवर काम घेण्याआधी त्या प्रत्येकाला विचारत, "घरात अजून कोणाला विचारायचं आहे का?"

जयवंताबाई चौऱ्याऐंशीत गेल्या. तोवर सायकलरिक्षातून त्या पाटीसमोरून जाताना त्यांचा हात आपोआप डोक्याकडे जाई, आणि त्या पदर थोडा पुढे ओढून घेत.