आईचा डावा गाल

दार मीच उघडलं, म्हणजे चूक माझीच.

बाहेर एक पोरगी उभी. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. खांद्याला निळी बॅग, तिची चेन तुटलेली, जागोजागी सेफ्टी पिना. चार जिने चढून धापा टाकत होती, तरी सगळे दात दाखवत म्हणाली, "मॅडम आहेत का घरात? चेहऱ्याची क्रीमं आणलीत."

"इथे कोणी मॅडम राहत नाही," मी म्हटलं आणि दार लोटलं. तेवढ्यात आतून आई, "कोण गं?" झालं! बाईसाहेब आत.

आईचा सुट्टीचा दिवस होता. बाकीचे सहा दिवस ती लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असते. संध्याकाळी वाफेने लाल झालेलं तोंड घेऊन येते आणि मला दोनच गोष्टी विचारते. भांडी झाली का, पाणी भरलं का. मी नववीत शाळा सोडली त्याला आठ महिने झाले. त्या दिवशी ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दप्तर उचलून माळ्यावर टाकलं, आणि तेव्हापासून आमचं सगळं बोलणं या दोन प्रश्नांवर आलं.

आणि या क्रीमवालीशी? "बस बस, दमलीस. चार जिने म्हणजे काय चेष्टा आहे?" थेट पंख्याखाली बसवलं. माझ्या जागेवर!

"ताई, तुमची स्किन मुळात छान आहे हो."

माझ्या आईला ताई म्हणते. म्हणजे आता ही माझी मावशी का?

"कसली छान," आई म्हणाली. "वाफेत शिजून निघालीय."

"अर्ध्याच चेहऱ्याला लावून दाखवते. फुकट. फरक तुम्हीच बघा, नाही पटला तर मी चालले."

तिने आईला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. केस मागे घेऊन पट्टा लावला. मग डाव्या गालावर बोटं फिरवायला लागली. हळू, गोल गोल. आईने डोळे मिटले. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेली आई मी कधी बघितलीच नव्हती. तिचे खांदे पण खाली आले. आठ महिने मी या घरात बसून आहे, आणि या बयेला येऊन दहा मिनिटं झाली नाहीत!

"बाळा, जरा कोमट पाणी आणतेस?"

बाळा! मी आईकडे बघितलं.

"आण गं," आई म्हणाली. डोळे मिटलेलेच.

मी स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर पातेलं आपटलं. बाहेर आई बोलत होती. हळू आवाजात, पण सलग, मध्ये न थांबता. शब्द कळत नव्हते, पण किती बोलत होती! मग हसली. मी पाणी घेऊन आले तशा दोघी गप्प.

"काय झालं?"

"कुठे काय," आई म्हणाली.

क्रीमवालीने ओल्या कापसाने गाल पुसला आणि आरसा धरला. "आता डावा बघा ताई, आणि उजवा बघा."

फरक होता. डावा गाल चकाकत होता, उजवा काळवंडलेला. आई मान तिरकी करकरून बघत होती. आणि मला दिसलं. खिडकी डावीकडे होती. सगळा उजेड एकाच गालावर.

मी खुर्ची धरली आणि आईसकट फिरवली. फरशी करकरली.

"आता बघ! आता उजवा चमकतोय. क्रीम न लावता. फसवतेय ही तुला."

क्रीमवालीचं तोंड खर्रकन उतरलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आईने आरसा मांडीवर ठेवला. "मला कळलं नव्हतं असं वाटतं तुला? दहा वर्षं शर्ट उजेडाला धरून डाग शोधतेय मी. हिने खुर्ची खिडकीशी ओढली तेव्हाच कळलं." मग तिच्याकडे वळून, "दे एक छोटी डबी."

"अगं, पण..."

"तू गप्प. आणि तिची बॅग खाली नेऊन दे. पिना निघाल्यात."

पैसे देऊन झाले. बॅग घेऊन मी धाडधाड एक मजला उतरले आणि वाटेतच उभी राहिले.

"आई काय सांगत होती तुला?"

"माझं गिऱ्हाईक तोडायला निघालीस, आणि वर चौकशा?"

"सांग, नाहीतर बॅग इथनंच खाली सोडीन."

"सोड. काचेच्या बाटल्या आहेत, तुझी आईच भरून देईल." ती कठड्याला टेकली. घामाने पावडर ओघळली होती आणि खालचं पुरळ दिसत होतं. "तुझंच सांगत होती. घरी यायची भीती वाटते म्हणे. काही बोलायला गेलं की पोरगी अंगावर येते. म्हणून नुसतं भांड्यांचं विचारते. त्यावरून भांडण होत नाही."

"मग हसली कशाला?"

"बालवाडीत तू बाईंना चावली होतीस म्हणे."

मला रडूच आलं. रागाने. "हे मला सांगायचं सोडून तुला का? तू कोण लागून गेलीस?"

"कोणी नाही. मला सगळ्याच सांगतात. मी गाल चोळत गप्प बसते, दुसरं काय?" तिने बॅग माझ्या हातातून घेतली आणि पिना चाचपत खाली गेली.

वर जाताना मी सगळं जुळवलं होतं. परक्या पोरीला माझं गाऱ्हाणं सांगतेस, इथून सुरुवात करायची. दारातच तोंड उघडलं. आई खुर्चीत डबीचं झाकण उघडझाप करत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचे खांदे वर गेले. मार चुकवताना जातात तसे.

मी तोंड मिटलं. तिच्या पायाशी फरशीवर बसले. गप्प बसायची मला सवय नाही, म्हणून जीभ दाताखाली धरली.

खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरूच होईना.

"त्या पोरीचा हात किती मऊ होता गं," आई म्हणाली.

मी जीभ आणखी जोरात चावली आणि म्हटलं, "हं. मग?"