दुसऱ्यांदा न उचललेला दगड

थोरलीची कंबर गेली ती या ओढ्यापायी. सहा वर्षं झाली. सरकारी कार्यालयाच्या मागे लागून तिने बांधाचं दार वर करायला लावलं, तळातला गाळ उपसला, आणि चपटे दगड एकेक करून हाताने मांडले, प्रत्येकाखाली दोन बोटं जातील एवढी फट ठेवून. कुणासाठी? तर बोटभर लांबीच्या, भल्यामोठ्या डोक्याच्या एका माशासाठी. मासा इथलाच, पण बांधामुळे पाणी अडलं तसा दिसेनासा झाला होता. मादी दगडाच्या पोटाला अंडी चिकटवते आणि चालू पडते. पिल्लं सुटेपर्यंत राखण करत बसतो तो बाप. पूर्वी थोरली हे येईल त्याला कौतुकाने सांगायची. हल्ली सांगायचाही कंटाळा आला होता.

यंदा अंडी दिसली नाहीत तर काम बंद, म्हणजे दार पुन्हा खाली आणि ओढा कोरडा. कार्यालयाच्या पत्रात तसं सरळ लिहिलं होतं. अंडी तपासायला साहेब अकराला येणार होते.

सकाळी आठला तिने वळणावरचा एक दगड उचलला. दगडाच्या पोटाला पिवळसर अंड्यांचा गठ्ठा, आणि खाली नर, पंख फुलवून. तिने दगड होता तसा अलगद ठेवला.

"आहेत?" काठावरून धाकटीने विचारलं.

"आहेत."

झालं, एवढंच बोलणं. सख्ख्या बहिणी, पण गेलं वर्षभर कामापुरतं बोलत होत्या.

त्याचं कारण ऐका. पलीकडच्या ओढ्यावर धाकटी हेच काम करायची. गेल्या वर्षी तिने अंड्यांचा फोटो पाठवला, तो आदल्या वर्षीचा निघाला. ओळखला थोरलीने, आणि कार्यालयात जाऊन सांगितलंही तिनेच. खोटं ते खोटं, मग बहीण का असेना, असा तिचा खाक्या. धाकटी परोपरीने सांगत होती, "ताई, अंडी होती गं. पाहिली तेव्हा फोन काठावर राहिला होता. दगड पुन्हा उचलला असता तर नर गेला असता." नर एकदा दचकतो, दुसऱ्यांदा निघून जातो, आणि मग बाकीचे मासे अंडी फस्त करतात, हे थोरलीलाही ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, सबबी नकोत. धाकटीच्या ओढ्याचं दार खाली आलं. नियमही झाला की यापुढे फोटो चालणार नाही, साहेबांनी स्वतः पाहायचं. आणि हाताला काम उरलं नाही म्हणून धाकटी आली ती थोरलीच्याच हाताखाली.

अकरापर्यंत दोघींनी उरलेले दगड पालथे घातले. एकाखालीही काही नव्हतं.

साहेब आले तेच गुडघा चोळत. सकाळपासूनचा त्यांचा हा तिसरा ओढा. कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून ते पाण्यात उतरले. "चला बाई, दाखवा एकदाची."

थोरली वाकली. दोन्ही हात दगडाच्या कडांवर ठेवले. पाणी गार होतं, बोटं बधिर झाली, तरी ती तशीच वाकून राहिली.

"काय झालं?"

"सकाळी एकदा उचललाय, साहेब. आता उचलला तर नर जाईल. सहा वर्षांत ही पहिलीच अंडी आहेत."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "मग मी काय लिहू?"

"मला नाही माहीत. न उचलावा तर ओढा जातो, उचलावा तर अंडी जातात."

चार पावलांवर धाकटी मोजकाठी धरून उभी होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी कागद काढला. "राहू द्या. पाहिली असं लिहितो. सख्ख्या बहिणीला सोडलं नाही तुम्ही, तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

थोरलीला वाटलं, पायाखालची वाळू सरकली तर बरं. पण ती सरकली नाही.

"लिहा," ती म्हणाली.

साहेब सही करून गेले. दोघी काठावर बसल्या. बूट ओले झाले की पायातून निघता निघत नाहीत. धाकटीने थोरलीची टाच धरून एक बूट ओढला, मग दुसरा.

"तुझी अंडी होती," थोरली म्हणाली.

"होती की."

"उद्या कार्यालयात जाऊन सांगते. माझं चुकलं म्हणून सांगते."

"आणि आजच्या सहीचं काय सांगशील?"

साहेबांनी न पाहताच सही केली हे सांगावं तर हाही ओढा जाणार होता.

"आता दार उघडून तरी काय," धाकटी बुटातलं पाणी ओतत म्हणाली, "माझ्याकडे मासाच उरला नाही."

थोरली रडायला लागली. तोंड न झाकता, दमलेलं माणूस रडतं तशी. धाकटीने तिला गप्प केलं नाही, पण उठूनही गेली नाही. दोन्ही बूट उन्हात पालथे घातले आणि पुन्हा शेजारी येऊन बसली.

"ताई, महिनाभर तू त्या वळणावर जायचं नाहीस," ती म्हणाली. "तिथे मी बघेन. तुला खात्री करून घ्यायची सवय आहे."