तिसांतलं सातवं

नेल्सनच्या दिवाणखान्यात नवं चित्र लागलं होतं. त्याच्यासमोर उभी राहिलेली एल्विरा खाली वाकून त्यावरचा आकडा पुन्हा वाचू लागली.

मोंतेविदेओ शहरातले हे दोघे नोटरी, जुने दोस्त. दोघांना एकच वेड, आधुनिक चित्रकारांच्या शिळाछाप चित्रांचं. दगडावरून मोजक्या प्रती काढायच्या, चित्रकारानं प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा घालून सही करायची आणि मग आणखी प्रती निघू नयेत म्हणून दगड घासून कोरा करायचा. नेल्सनचं हे चित्र म्हाताऱ्या चित्रकार लार्रान्येताचं होतं, बंदरातल्या क्रेनांचं. खाली आकडा होता तिसांतलं सात, म्हणजे तीस प्रतींपैकी सातवी. एल्विराच्या घरीही तेच चित्र होतं, आणि त्यावरही तिसांतलं सातच.

बाहेर निखाऱ्यांवर मांस भाजत होतं. ताटात वाढलेलं तिनं तसंच ठेवलं. नेल्सननं विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाली आणि लवकर निघाली.

घरी येऊन तिनं आपलं चित्र भिंतीवरून उतरवलं, भिंग लावून सही पाहिली. खरीच वाटली. पण नेल्सनचीही खरीच वाटली होती. दोघांपैकी एक नक्कीच फसलं होतं, आणि ते आपण असू या भीतीपेक्षा नेल्सन असला तर त्याला सांगायचं कसं, ही भीती मोठी होती. आठवडाभर त्याचा फोन आला की ती उचलायची नाही.

शेवटी चौकटीसकट चित्र कापडात गुंडाळून ती बुसेओ भागात लार्रान्येताच्या घरी गेली. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, पण नजर शाबूत. त्यानं चौकट उघडायला लावली. कडेचा पुठ्ठा निघाला तसा कागदाच्या खालच्या अंगाला पाण्याचा पिवळट ओघळ दिसला. एल्विरानं तो कधीच पाहिला नव्हता.

"हे तुमच्याकडे कसं आलं, बाई?"

एक वकील वारले, त्यांच्या सामानाच्या लिलावात घेतलं, असं तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं ओघळावरून बोट फिरवलं. मग हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. त्या वकिलाच्या घरी पाणी शिरून चित्र डागाळलं होतं. दगड अजून घासला नव्हता, म्हणून लार्रान्येतानं एक नवी प्रत काढून तोच आकडा घातला. जुनी फाडून टाकतो असं वकिलानं शपथेवर सांगितलं होतं. नवी पुढे वकिलानंच कुणाला तरी विकली असणार.

"म्हणजे माझंही खरंच आहे, मास्तर."

"खरं आहे, पण असायला नको होतं. तीस म्हणजे तीस. मी लोकांना शब्द दिलाय. फाडा ते."

तिनं कागद दोन्ही हातांत धरला. जाड, मऊ कागद होता. पण फाडायला बोटं वळली नाहीत. म्हातारा वाट पाहत होता. तिनं खाली मान घालून चित्र पुन्हा कापडात गुंडाळलं. "नाही जमणार मला," एवढंच म्हणाली. दारापर्यंत तो सोडायला आला नाही.

त्या संध्याकाळी तिनं स्वतःच नेल्सनला बोलावलं. टेबलावर चित्र उघडं ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. नेल्सन वाकून पाहत राहिला. त्याचा चेहरा पडला होता.

"तुझं जास्त चांगलं उतरलंय," तो म्हणाला. "काळा बघ कसा गच्च बसलाय. माझ्यापर्यंत दगड थकला होता."

"घे तू. अदलाबदल करू."

"वेडी आहेस का? फाडायला सांगितलेलं चित्र मी भिंतीवर लावू?" मग आवाज खाली आणत म्हणाला, "फाडू मात्र नकोस. म्हातारा आहे तोवर कुणाला दाखवू नकोस, बस."

त्यानंतर नेल्सन आधीसारखाच येत राहिला. पण आपल्या चित्राचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. क्रेनांचं चित्र तिनं आतल्या खोलीत लावलंय. दाराची घंटा वाजली की ती आधी त्या खोलीचं दार लावते, मग उघडायला जाते.